मागचे दोन प्लग

सोमवार, १० फेब्रुवारी

यांस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. खुशाली कळली. वन्संचा गुडघा पुन्हा सुजलाय हे वाचून वाईट वाटलं. त्यांना म्हणावं, जिना उतरताना कठड्याला धरा, आणि माझ्या नावाने बोटं मोडायची असतील तर बसून मोडा, उभ्याने नको.

तुम्ही लिहिलंय, येत्या रविवारी न्यायला येतो, पिशवी भरून ठेव. आणि त्याच्या वरच्याच ओळीत लिहिलंय, भांडण नाही, मारहाण नाही, दारू नाही, मग बाईमाणसाने उठून जायला झालं तरी काय होतं? चार लोक विचारतात, त्यांना काय सांगू? म्हणजे तुम्हाला दोन उत्तरं हवीत. मी येणार की नाही, आणि गेले का. दुसऱ्याचं दिल्याशिवाय पहिल्याचं मला देता येत नाही, म्हणून पत्र लांबणार आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा निवांत वाचा.

मी इथे ठीक आहे. धुलाई कारखान्याच्या मालकीणबाईंनी मागची खोली दिलीय. एका भिंतीपलीकडे बॉयलर आहे, ती भिंत दिवसभर गरम असते, पाठ टेकून बसलं की कंबर शेकून निघते. समोरच्या भिंतीला ओल आहे. एकाच खोलीत दोन ऋतू, भाडं मात्र एकाचंच घेतात. काम तेच. सकाळी हॉटेलांच्या चादरी पोचवायच्या, मग दवाखान्याच्या, दुपारी मळके गठ्ठे गोळा करायचे. दवाखान्यातली मावशी अजून एकेक अभ्रा मोजून घेते, आणि एक कमी भरला की माझ्याकडे अशी बघते की जणू मी तो अंगाला गुंडाळून निघालेय.

गाडी उत्तम आहे. तुमचं घर सोडल्यापासून रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. हे वाचून तुम्हाला काय वाटतं ते बघायला मी तिथे असायला हवी होते.

लग्नानंतर मी ही जुनी व्हॅन घेतली तेव्हा तुम्हीच ती निवडून दिली होतीत. इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली, सीट उचलली की काम सुरू. वन्सं म्हणाल्या होत्या, हिला नवरा मेकॅनिक मिळाला म्हणून ही असला खटारा पाळू शकते. आणि खरंच, सगळीकडे तुमचं ते एक कौतुक ठरलेलं होतं. बायकोची गाडी अडली की हा माणूस हातातलं काम टाकून धावतो, मग गिऱ्हाईक बोंबलत बसेना का. माझी आईसुद्धा शेजारणींना तेच सांगायची.

मलाही ते आवडायचं. हे लिहिताना माझीच मला चीड येतेय, पण आवडायचं. माहेरी निघाले की चढाच्या दुसऱ्या वळणाला गाडी मिसिंग मारायला लागायची, हिसके देत देत कडेला थांबायची. मी खाली पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत चालत जाऊन गॅरेजला फोन करायची आणि परत येऊन त्या मोठ्या दगडावर बसायची. पाऊण तासाने तुमची मोटरसायकल दिसायची, हँडलला थर्मास लटकवलेला. तुम्ही सीट उचलायचात, आत हात घालायचात, “मागचे दोन, गॅप वाढलाय,” म्हणायचात, आणि थोड्या वेळात इंजिन शिवणाच्या मशीनसारखं सुरू. मग आपण दोघं चहा प्यायचो. घरी वन्सं आणि वन्संचा रेडिओ एकदम बोलत असायचे, त्यामुळे आपलं बोलणं व्हायचं ते त्या दगडावरच. तुमच्या वडिलांनी तुम्हाला पाना फेकून मारला होता ते तुम्ही मला तिथे सांगितलं. आपल्याला मूल होणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी पोटभर रडले तीही तिथेच.

चहा संपेपर्यंत ऊन कललेलं असायचं. तुम्ही म्हणायचात, “आता वर जाऊन अंधारात उतरणार का? पुढच्या आठवड्यात जा.” आणि मी गाडी वळवायची, मुकाट तुमच्या मागोमाग घरी. आईकडे दहा वेळा निघाले तर चार वेळा पोचले असेन.

गॅपचं सगळं मला पाठ झालं होतं, तुम्हीच समजावलेलं. प्लगचं मधलं टोक आणि त्याच्यावर वाकवलेली पट्टी, दोहोंमध्ये बारीक फट. त्या फटीत ठिणगी पडते तेव्हा इंजिन चालतं. वापरून वापरून टोक झिजतं आणि फट वाढते. सपाटीला गाडी तेवढ्यावर भागवून नेते, पण चढावर इंजिनावर जोर आला की ठिणगी पडत नाही. जुनी गाडी, जुनी कॉइल, असं होणारच. मी म्हटलं होतं, मला शिकवा की. तर म्हणालात, “मागच्या दोघांना हात पोचत नाही, बोटं सोलून निघतील. मी आहे ना.” हे ‘मी आहे ना’ ऐकायला फार गोड लागतं हो. मी त्यावर किती वर्षं काढली.

आई गेली तो दिवस मी या पत्रात आणणार नाही, असं ठरवून बसलेय. त्याच्या नंतरचं सांगते.

आईला जाऊन दोनेक महिने झाले होते. तिचं कपाट आवरायला धाकट्या भावाकडे जायचं होतं. भाऊ एकटाच राहिलाय त्या घरात, त्याला कपड्यांच्या घड्या तरी कुठे येतात. मी तुम्हाला आदल्या दिवशी सांगितलं, आणि सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात तुम्ही नेहमीसारखी गाडी बघून ठेवलीत. मी दवाखान्यात चादरी उतरवल्या. मावशीची मोजणी सुरू झाली, म्हणजे तासाभराची निश्चिंती. आवारात अँब्युलन्सवाला सावलीत बसून आपल्या गाडीचे प्लग साफ करत होता. त्याची गाडी म्हणजे माझ्या गाडीची थोरली बहीण, इंजिन तेच. त्या चढावर पुन्हा फोन करत फिरायचं नाही असं मी मनाशी घेतलं होतं, म्हणून त्याला म्हटलं, मला हे दाखवा.

तो म्हणाला, “नवरा मेकॅनिक, आणि शिकवणी माझ्याकडे?”

मी म्हटलं, “ते बिल फार लावतात.”

त्याने आधी इंजिन निवू दिलं. मग पुढचा एक प्लग माझ्याकडून काढून घेतला आणि पोलादी पात्यांचा जुडगा हातात दिला, तो फिलर गेज. म्हणाला, पॉइंट सहा मिलिमीटरचं पातं फटीत घाला, सैलही जायला नको आणि अडायलाही नको, जरासं धरून सरकलं पाहिजे. पुढच्या दोन्ही प्लगमध्ये ते तसंच सरकलं. माझा मलाच हुरूप आला. मग मागचे दोन काढले. बोटं सोलली, तेवढं मात्र तुम्ही खरं सांगितलं होतं. त्या दोघांच्या फटीत पातं नुसतं डुगडुगलं. त्याने जोडीला आणखी एक पातं घातलं तेव्हा कुठे बसलं.

त्याने प्लग उजेडात धरला. म्हणाला, “हा झिजलेला नाही. झिजला असता तर मधल्या टोकाची कड गोल झाली असती. ही बघा, कोरी करकरीत आहे. वरची पट्टी कोणीतरी उचललीय.” मग माझ्या तोंडाकडे बघून घाईने म्हणाला, “दुकानातूनच असे आले असतील.” भला माणूस. पण दुकानातून असे आले असते, तर महिन्याभरापूर्वी त्याच चढावर तुम्ही हेच दोन प्लग नीट केलेत ते काय होतं?

मी ते दगडावर हलकेच ठोकून पट्टी खाली आणली. एक जास्त ठोकला गेला, तो पुन्हा उचलावा लागला. आधी हाताने आटे बसवायचे, मग पान्याने थोडंसंच आवळायचं, हेही त्याने शिकवलं. दुपारी चढ चढले. दुसरं वळण आलं आणि गेलं. गाडीने हूं की चूं केलं नाही, आणि माझा जीव मात्र खाली खाली जात होता.

संध्याकाळी घरी आले तर तुम्ही दारातच. ‘धाकटा कसा आहे’ नाही, ‘जेवलीस का’ नाही. “चढली?” एवढंच विचारलंत. मी म्हटलं, चढली. आतून वन्सं म्हणाल्या, “आज हा जेवायला घरी आला नाही बघ. हिची गाडी कधी अडेल नेम नाही म्हणून गॅरेजात फोनपाशी बसून होता. किती जीव लावतो.”

तरीही मी लगेच खरं मानलं नाही. आपल्या माणसाची वकिली माणूस शेवटपर्यंत करतो. पण पुढे ज्या दिवशी धाकट्याकडे जाते म्हणून सांगावं, त्या दिवशी सकाळी तुम्ही गाडी ‘बघून’ ठेवलेली. इतर दिवशी मी हॉटेलं फिरते की डोंगर फिरते, तुम्हाला सोयरसुतक नाही. मी पाण्याच्या टाकीमागे गाडी उभी करायची, सीट उचलायची, मागचे दोन काढायचे, पॉइंट सहावर आणायचे आणि वर जायचं. संध्याकाळी तुम्ही विचारायचं, “चढली?” मी म्हणायचं, “चढली.” तुम्ही दर खेपेला पट्टी जरा जास्तच उचलू लागलात. तुम्हाला वाटलं असेल, हातातली कला गेली की काय. एकदा तर इतकी उचललीत की गाडी गल्लीतून बाहेर पडतानाच खोकायला लागली, आणि तुम्ही दारात उभं राहून शेजारच्यांच्या कुंड्यांकडे बघत होतात. मला हसू आलं होतं, खरंच. इतर नवरा-बायको पत्ते खेळतात, सिनेमाला जातात. आपण हे खेळलो, आणि एक अक्षर न बोलता.

मग कंटाळा आला. चिडून निघाले असते तर भांडी आपटली असती, वन्संना चार शब्द सुनावले असते. मी कपडे घेतले, पाना घेतला, फिलर गेज घेतला आणि निघाले. तुम्ही गाडीकडे बघत म्हणालात, “कुठे?” मी म्हटलं, सपाटीलाच आहे. तर हे कारण. चार लोकांना सांगता येण्यासारखं नाही, हे मलाही कळतं. ‘नवऱ्याने प्लगचा गॅप वाढवला म्हणून बायको गेली’ असं सांगितलंत तर लोक पोट धरून हसतील.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

या गरम भिंतीला टेकून मी खूप विचार केला. तुमची पहिली बायको माहेरी म्हणून गेली आणि आलीच नाही, हे तुम्ही लग्नाआधीच सांगितलं होतंत. लपवलं नव्हतंत. मी माहेरचं नाव काढलं की तुमच्या पोटात काय होत असेल ते मला कळत नाही असं नाही. मला मारलं असतंत, दार लावून घेतलं असतंत, तर तुमचा राग करणं सोपं झालं असतं. तुम्ही थर्मास घेऊन यायचात. तुम्ही वाईट असतात तर मी एव्हाना तुम्हाला विसरून गेले असते. आणि खोटं कशाला बोलू, संध्याकाळी गाडी लावून खोलीत आले की कोणी “चढली?” म्हणूनसुद्धा विचारायला नसतं.

आईच्या दिवसाबद्दलही मी मनाची समजूत घातलीय. तुम्हाला तरी काय ठाऊक होतं? नुसता ताप आहे एवढाच निरोप होता. तुम्ही नेहमीसारखं केलंत आणि नेमका तो दिवस तसा निघाला. त्यात तुमचा हात होता, मन नव्हतं. असं म्हणायला मी शिकलेय. रोज म्हणते.

तेव्हा रविवारी या. माझं म्हणणं फार नाही. सीटखाली तुम्ही हात घालायचा नाही, ते सगळं माझं. माहेरी जाताना मी सांगून जाईन, विचारून नाही. वन्संसमोर एकदा खरं बोलायचं, माझ्यादेखत. एवढं कबूल असेल तर पिशवी भरून ठेवते. चहा मी इथेच करीन, तुम्ही थर्मास आणू नका.

तिकिटं संपलीत. उद्या-परवा पोस्टात टाकते.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

वरचं पत्र टाकलं नव्हतं. आता फाडणारही नाही आणि त्यातली एक ओळही खोडणार नाही. मी कुठवर आले होते ते तुम्हाला कळू दे.

काल धाकटा आला होता. आईचं जाड पांघरूण कारखान्यात धुवायला घेऊन आला. आई गेल्यापासून तो माझ्याशी तुटक वागतो, हो-नाहीपलीकडे बोलत नाही. मला वाटायचं, दुःखाने. काल त्याला त्या भिंतीपाशी बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, मी रविवारी परत चाललेय. तो म्हणाला, “चांगलं आहे.” कप खाली ठेवून उठायला लागला.

मी म्हटलं, “माझ्यावर कसला राग धरलायस? एकदा ओकून टाक.”

“जाऊ दे, ताई.”

“नाही, सांगच.”

“तुला आई जड झाली होती का?” तो म्हणाला. “मी आदल्या संध्याकाळी कळवलं होतं, डॉक्टरांनी हात टेकलेत, उजाडायच्या आत निघ. आणि तू आधी चादरी वाटत बसलीस. दुपारी निघालीस.”

मी म्हटलं, “मला ताप म्हणून सांगितलं. सवडीने ये म्हणून.”

“कोणी सांगितलं ताप? मी गॅरेजात फोन केला, भावोजींनीच उचलला. मी म्हटलं, उद्याचा दिवस जाईल की नाही भरवसा नाही, ताईला पहाटेच पाठवा. म्हणाले, आत्ताच घरी जाऊन सांगतो.”

पलीकडे बॉयलर घुमत होता. धाकटा इतके महिने बहिणीला दगडाच्या काळजाची समजत होता, आणि मी बाई त्याला घड्या घालून देत होते.

म्हणून आता तो दिवस लिहिते. तुम्ही तिथे होतात, तरी लिहिते, कारण तुम्हाला जे ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि मला जे ठाऊक आहे ते तुम्ही कधी विचारलं नाहीत.

आदल्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात, हात धुतलेत, वन्संच्या ताटातली भाजी कमी तिखट आहे का विचारलंत. मग हात पुसता पुसता म्हणालात, “तुझ्या धाकट्याचा फोन होता. आईला जरा ताप आहे. सवड झाली की येऊन जा म्हणाला.” मी म्हटलं, उद्या काम उरकून जाते. तुम्ही म्हणालात, “गाडी बघून देतो.” सकाळी बघून दिलीत. मी हॉटेलं केली, दवाखाना केला, मावशीला दोन अभ्रे कमी पडले म्हणून परत कारखान्यात जाऊन घेऊन आले. मग निघाले. दुसऱ्या वळणाला गाडी थांबली.

मी खाली जाऊन फोन केला. तुम्ही म्हणालात, “तिथेच थांब. कुठे हलू नकोस. मी आलोच.”

मी परत येऊन दगडावर बसले. वर जाणारा भाजीचा टेम्पो आला, माझ्यापाशी थांबला. आत बसलेली बाई सरकली, मला जागा करून दिली, म्हणाली, “चल वरपर्यंत, गाडी कोण नेणार आहे तुझी?” मी म्हटलं, नको, आमचे हे निघालेत. केवढ्या तोऱ्यात म्हटलं. तिला वाटलं असेल, सुखी बाई आहे. टेम्पो गेला. तिथून आईचं घर चालतसुद्धा तासाभराच्या वाटेवर आहे. मी चालले नाही, कारण तुम्ही हलू नकोस म्हणाला होतात.

तुम्ही आलात. मागचे दोन नीट केलेत. मग थर्मास उघडून म्हणालात, “आधी चहा घे.” आणि मी प्यायले. दोन घोट नाही, अख्खा कप प्यायले. मग म्हणालात, “साधा ताप तर आहे. आता कशाला जातेस? उद्या सकाळी निवांत जा.” ते त्या दिवशी तुम्ही म्हणालात. मी हट्ट धरला म्हणून आपण वर गेलो, नाहीतर मी तशीच वळून तुमच्या मागोमाग घरी आले असते आणि तुम्ही येऊ दिलं असतंत.

आपण पोचलो तेव्हा पायरीवर बसलेली माणसं उठून उभी राहिली. तुम्ही माझ्याआधी रडायला लागलात. बायका म्हणाल्या, जावई पोटच्या पोरासारखा रडतोय. मीच तुम्हाला पाणी आणून दिलं.

काल धाकट्याने एक सांगितलं, आजवर सांगितलं नव्हतं. आईने सकाळपासून खिडकी उघडी ठेवायला लावली होती. माझ्या गाडीचा आवाज तिला वळणापासून ओळखू यायचा. दुपारनंतर तिला धड बोलवत नव्हतं, तरी मधूनमधून म्हणत होती, “चढावर असेल. येईल.” धाकटा मनात म्हणत होता, कसली येतेय. आणि मी खरंच चढावर होते हो. तिला ठाऊक होतं तिथेच होते.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला इथे बसून ऐकू येतं. “मागेही धाकटा असाच घाबरला होता आणि आई दुसऱ्या दिवशी उठून बसली होती. तुला उगाच घोर नको म्हणून मी ताप सांगितला. मला खरं वाटलं नाही.” असेल. संध्याकाळी जे बोललात ते मी एक वेळ भीतीच्या खात्यात टाकते, पहिलीसारखी दुसरीही जाईल या भीतीच्या.

पण सकाळचं काय? ते काम मी आता स्वतः करते. सीटची खिटी काढायची, सीट उचलायची, प्लगच्या वायरी सोडवायच्या. मागच्या दोघांसाठी कुशीवर आडवं होऊन हात वाकडा घालावा लागतो, पाना सुरुवातीला बसत नाही, बोटाची सालं निघतात. एक काढायचा, पट्टी जपून उचलायची, प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीला तडा जाता कामा नये, परत बसवायचा. मग दुसरा. पुन्हा वायरी, पुन्हा सीट. हे काही रागाच्या भरात एक फटका मारला असं होत नाही. दिवस जाईल की नाही भरवसा नाही, हे धाकट्याचे शब्द कानात असताना तुम्ही हे सगळं केलंत, एकदा नाही, दोन प्लगना. आणि मधे थांबायला तुम्हाला भरपूर वेळ होता. एक झाल्यावर तरी थांबायचं होतं. एका प्लगने गाडी रखडली असती, पण रखडत रखडत वर गेली असती.

सोमवारी लिहिलं होतं, तुमचा हात होता, मन नव्हतं. ते मी मागे घेते.

चार लोकांना काय सांगू म्हणून विचारलं होतंत. हे पत्र वाचून दाखवा. सुरुवात वन्संपासून करा, त्यांचं तुमच्याबद्दलचं मत फार चांगलं आहे.

रविवारी येऊ नका. आलात तर मालकीणबाईंना सांगून ठेवलंय, त्या तुम्हाला फाटकातूनच परतवून लावतील. धाकटा दर आठवड्याला वाट बघतो म्हणालाय, मी जात राहणार आहे. गाडी चांगली ठेवीन. जुनी आहे, कधी ना कधी कुठेतरी अडेलच. अडली तर तिला रस्त्याच्या कडेला लावीन आणि चालत जाईन.

कळावे. लोभ नसावा.